डावा कान आणि हिरवा काटा

रसेल पेंगेलीच्या मुलीला एक आजोबा होते, आणि ते आजोबा म्हणजे एक डावा कान होता.

यात तसा कुणाचा दोष नव्हता. मुलगी, म्हणजे सात महिन्यांची थोरा, राहायची ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावर, वॉलरू गावात. आणि तिच्या आईचे वडील मॅग्नस राहायचे स्कॉटलंडच्याही वर, ऑर्कनी बेटांवर, जिथे वाऱ्याला घरातल्या माणसात धरतात. दर रविवारी इंगा वडिलांना व्हिडिओ कॉल लावायची. मॅग्नसनी जन्मभर फेरीबोट चालवलेली. फोन वाजला की कानाला लावायचा, हे ते तरुणपणी एकदा शिकले होते, आणि त्यानंतर फोनच्या बाबतीत जगात काही नवीन घडलं असेल यावर त्यांचा विश्वास नव्हता.

"बाबा, फोन तोंडासमोर धरा ना!" इंगा ओरडायची.

"मग मला ऐकू कुठून येणार? नाकातून?" कान विचारायचा.

मोठा थोरला कान. थंडीने लाल झालेला, वरच्या कडेला पांढऱ्या केसांचा झुपका, पाळीला जुन्या कुठल्याशा जखमेची खाच. पडदाभर तेवढाच दिसायचा. आणि थोरा त्याच्यावर जीव टाकायची. कान दिसला की तिचे हातपाय एकदम सुटायचे, पडद्यावर दोन्ही तळवे आपटायची, मग तोंड लावून कान चाटायची. एकदा दुकानात वाळवलेलं जर्दाळू बघून ती अशी काही खिदळली, की इंगाला तिथेच पिशव्या खाली ठेवून डोळे पुसावे लागले.

"हिच्या पहिल्या वाढदिवसाला हिला बाबांकडे न्यायचं," त्या रात्री इंगा म्हणाली. "सप्टेंबरात. त्यांना इकडे बोलावण्यात अर्थ नाही. ते एकदा ॲबरडीनला गेले होते, तिथे त्यांची टोपी हरवली, तेव्हापासून प्रवास या विषयावर ते बोलत नाहीत."

साठवलेल्या पैशांत विमानाचं एकच तिकीट बसत होतं. बाळ मांडीवर जातं, म्हणजे इंगा आणि थोरा जाऊ शकत होत्या. रसेलने उदार मनाने तसं सुचवलं. इंगाने त्याच्याकडे असं पाहिलं, की उदार मन लगेच आवरतं झालं.

"तीस तास? एकटी? हिला घेऊन? रसेल, मी आई आहे, संत नाही. जायचं तर तिघं, नाहीतर कुणीच नाही."

तर दुसऱ्या तिकिटाचा प्रश्न होता. आणि अशा प्रश्नाचं उत्तर गावात एकाच माणसाकडे असायचं: हॅनो. हॅनो कौन्सिलचं, म्हणजे गावच्या नगरपालिकेचं, गवत कापायचं यंत्र चालवायचा. रसेल त्याच कौन्सिलच्या कचेरीत कुत्र्यांच्या नोंदणीच्या खिडकीवर बसायचा. दुपारी दोघं मागच्या पायरीवर डबा खायचे, आणि हॅनो जगाची व्यवस्था लावायचा.

"क्रेडिट कार्ड घे गड्या," हॅनो म्हणाला. "पॉइंटवालं. माझा मेव्हणा बालीला कसा गेला? कार्डावर. पहिल्या तीन महिन्यांत घरचा किराणा, पेट्रोल, काय ते सगळं त्याच्यावर घ्यायचं, की बँक खूश होऊन एवढे पॉइंट देते की अख्खा माणूस पृथ्वीच्या त्या टोकाला जातो. एप्रिलअखेर बंद होतेय स्कीम. पण एक ध्यानात ठेव. उगाच अर्ज करायचा नाही. आधी अंदाज घ्यायचा. नुसता अर्ज केला तरी तुझ्या नावापुढे खूण पडते. आणि नकार आला, की पुढची बँक ती खूण बघते."

म्हणजे स्थळं बघण्यासारखंच. एका घरून नकार आला, की दुसऱ्या घरी चहाआधीच विचारतात, 'आत्तापर्यंत कुठे कुठे बघून झालंय?' आपला काही दोष नसतो, पण पोहे गार व्हायला तेवढं पुरतं.

आता अंदाज हा रसेलचा विषय होता. म्हणजे त्याला तसं वाटायचं. कौन्सिलमध्ये दर वर्षी फुटबॉलच्या सामन्यांवर अंदाजांची स्पर्धा चालायची: दर आठवड्याला कोण जिंकणार ते सांगायचं, शेवटी ज्याचे अंदाज जास्त बरोबर त्याला जमलेली रक्कम. रसेल दर सामन्याचा अभ्यास करायचा. वाऱ्याची दिशा, कुणाचा गुडघा दुखतोय, मागच्या पाच वर्षांचे निकाल. आणि सलग तीन वर्षं तो शेवटचा आला होता. शेवटच्याला लाकडी चमचा बक्षीस मिळतो. असे तीन चमचे घरात होते आणि इंगा त्यातल्या एकाने लापशी ढवळायची. बँकेने कार्ड देण्याची शक्यता किती, हे आता हा माणूस ठरवणार होता.

यासाठी एक वेबसाइट निघाली. त्यावर पगार, घरभाडं, घरात खाणारी तोंडं वगैरे भरलं, की गाडीच्या मीटरसारखी एक अर्धी तबकडी यायची. डावीकडे लाल, मध्ये पिवळं, उजवीकडे हिरवं. काटा थरथरायचा आणि थांबायचा. नुसतं बघितल्याने खूण पडत नाही, असं खाली लिहिलेलं होतं, आणि ते रसेलने इंगाला दोनदा वाचून दाखवलं.

काटा पिवळ्यात थांबला. 'शक्यता: साधारण.'

"साधारण?" रसेल उभाच राहिला. "मी आयुष्यात एक बिल चुकवलेलं नाही! बारा वर्षं या गावातल्या एकाही कुत्र्याचं नूतनीकरण माझ्याकडून राहिलेलं नाही!"

"मनाला लावून घेऊ नकोस," इंगा थोराचा लंगोट बदलत म्हणाली. "लग्नाच्या वेळी तुझ्याबद्दल माझाही काटा तिथेच होता."

दुसऱ्या दिवशी कुंपणावरून ग्लेनिसला हे कळलं. ग्लेनिस ट्रेलोर शेजारीण. वय त्र्याऐंशी, एकटी राहणारी, आणि कुंपणापलीकडे काय चाललंय याबाबत तिचा काटा कायम हिरव्यात. सहा वर्षं दर बुधवारी रात्री तिचे कचऱ्याचे डबे रस्त्यावर नेऊन ठेवायचं काम रसेल करत आला होता, त्यामुळे त्याला सल्ला देण्याचा हक्क तिने कमावला होता.

"खर्च, बाळा," ती म्हणाली. "आमच्या वेळी बँकेचा मॅनेजर तुमचे बूट बघायचा. आता ते खर्च बघतात. बाहेरचं खाणं बंद कर. तू बेकरीतली पेस्टी किती वेळा खातोस?"

रसेल रोज खायचा. पण पेस्टी ही वॉलरूत चैन समजली जात नाही. बटाटा, सलगम, खिमा आणि वर जाड कवच, पेंगेली घराण्यात ती चार पिढ्या अंगात मुरलेली. तरीही त्या संध्याकाळी रसेलने स्वयंपाकघरात उभं राहून, एक हात थोराच्या डोक्यावर ठेवून, कार्ड मिळेपर्यंत बेकरीची पायरी चढणार नाही असं जाहीर केलं. इंगाने टाळ्या वाजवल्या. थोरानेही वाजवल्या, पण तिचा हात हाताला लागला नाही.

मग खायचं काय? तर खेकडे. धक्क्यावर जाळं सोडलं की निळे खेकडे फुकट. दोन जाळी घरात होतीच. रसेल रोज कामावरून सुटला की धक्क्यावर. पहिल्या दिवशी खेकडे मजेत खाल्ले. चौथ्या दिवशी इंगाने खेकड्यांचं सूप केलं. नवव्या दिवशी खेकड्याचं सँडविच डब्यात बघून हॅनो दुसऱ्या पायरीवर जाऊन बसला. आणि एका संध्याकाळी, बादली कमी पडली म्हणून जास्तीचे खेकडे रसेलने क्षणभर थोराच्या आंघोळीच्या टबात ठेवले. क्षणभरच. त्या क्षणात त्यातला एक बाहेर निघाला, बैठकीतून तिरपा चालत गेला आणि इंगाच्या चपलेला धरून बसला. चपलेत त्या वेळी इंगा होती.

"काटा कुठाय?" एका पायावर उभ्या इंगाने विचारलं.

"खेकड्याचा? पायाच्या अंगठ्याशी, पण सुटेल..."

"वेबसाइटवरचा!"

वेबसाइटवरचा काटा पिवळ्यातच होता. तो हलेपर्यंत रसेलने आणखी बरंच काही केलं. कधीकाळी सोफ्यासाठी घेतलेलं आणि सोफा मोडला तरी चालू असलेलं दुकानाचं कार्ड बंद केलं. घरचा महिन्याचा खर्च एका ओळीत मांडला, मग त्यात 'बाहेरचं खाणं: शून्य' हे इतक्या अभिमानाने भरलं, की शून्य जरा मोठंच निघालं. दिवसातून चार वेळा तो तबकडी बघायचा. थोराला झोपवताना एका हाताने पाळणा आणि दुसऱ्या हाताने फोन. आणि एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, थोराचा श्वास संथ झाला त्याच मिनिटाला, काटा थरथरला, पुढे सरकला आणि हिरव्यात जाऊन उभा राहिला.

ओरडायची सोय नव्हती. रसेल पाळण्याशेजारी मुका नाचला. इंगा दारात येऊन बघत होती. काय झालं ते तिने विचारलं नाही, तीही नाचली.

अर्ज केला. बँकेचं उत्तर आलं: 'अर्ज मिळाला. कृपया खात्याचं तीन महिन्यांचं स्टेटमेंट पाठवा.'

"पाठव की," इंगा म्हणाली.

रसेलने स्टेटमेंट उघडलं आणि त्याचा चेहरा टबातल्या खेकड्यासारखा झाला. उकळण्याआधीच्या नाही, नंतरच्या.

इथे जरा सांगायला हवं. कौन्सिलच्या त्या स्पर्धेत एक रीत होती. मागच्या वर्षी जो शेवटचा, तो या वर्षीचा खजिनदार. म्हणजे रसेल. मार्चपासून दर आठवड्याला सगळे जण त्याच्या खात्यात पाच-पाच डॉलर टाकत होते. आणि पैसे पाठवताना 'कशासाठी' अशी एक चौकट असते. या देशात त्या चौकटीत खरं कारण लिहिणं म्हणजे समुद्रावर सूट-बूट घालून जाण्यासारखं आहे. कुणी अडवत नाही, पण मित्र राहत नाहीत.

त्यामुळे बँकेला दिसणार होतं ते असं: हॅनो, 'किडनी, डावी'. रस्ते विभागाचा फोरमन, 'खंडणी, दुसरा हप्ता'. ग्रंथपाल बाई, अत्यंत सभ्य, कानात मोत्याचे डूल, 'प्रेताची विल्हेवाट, आभारी आहे'. पाणी विभाग, 'महापौरांचे फोटो परत केल्याबद्दल'. पुढच्या आठवड्यात पुन्हा हॅनो, 'किडनी, उजवी'.

"तू बघत नाहीस का हे?" त्याने वाचून दाखवल्या तेवढ्या ओळी ऐकून इंगाने विचारलं. ती हसत होती की रडत होती हे तिच्या खांद्यांवरून कळत नव्हतं.

"मी रक्कम बघतो," रसेल दुखावून म्हणाला. "खजिनदाराने रक्कम बघायची असते."

त्याने लगेच स्पर्धेच्या ग्रुपवर कळकळीचा निरोप टाकला. मित्रहो, माझ्या मुलीच्या आजोबांचा प्रश्न आहे, बँक माझं खातं बघतेय, कृपा करून या आठवड्यापासून फक्त 'फुटबॉल स्पर्धा' एवढंच लिहा.

मित्रांनी ऐकलं. मित्र असे असतात. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सगळ्यांचे पैसे जमा झाले. हॅनो: 'फुटबॉल स्पर्धा असं लिहायला सांगितलंय'. फोरमन: 'फुटबॉल स्पर्धा (बँक बघतेय म्हणून)'. ग्रंथपाल बाई: 'फुटबॉल स्पर्धा. प्रेत नव्हतंच'.

बँकेचा फोन आला तो संध्याकाळी, घर भरलेलं असताना. इंगा चमच्याने थोराला लापशी भरवत होती. ग्लेनिस झाडाची लिंबं घेऊन आलेली आणि जायची विसरलेली. रसेलचे हात खेकड्यांनी भरलेले, म्हणून त्याने कोपराने फोन स्पीकरवर टाकला.

"मिस्टर पेंगेली? मी मार्गो, बँकेच्या तपासणी विभागातून. हा कॉल रेकॉर्ड होतोय. तुमच्या खात्यातल्या काही नोंदींबद्दल विचारायचं होतं."

"किडनीचं मी सांगू शकतो," रसेल म्हणाला.

पलीकडे कागद वाजला. "मी किडनीचं विचारलेलं नाही अजून. पण सांगा."

रसेलने सांगितलं. खंडणीचंही सांगितलं. प्रेताचं सांगताना त्याची जीभ अडखळली, कारण थोराने त्याच क्षणी लापशीची फुर्रर्र केली आणि ती फोनवर उडाली. पलीकडून मधूनमधून टाइप केल्याचा आवाज यायचा, डॉक्टर काही न बोलता लिहितात तसा.

"ठीक," ती म्हणाली. "या नोंदींची आम्हाला काळजी नाही. काळजी वेगळ्याच नोंदीची आहे. दर बुधवारी रात्री ग्लेनिस ट्रेलोर नावाच्या बाईंकडून पाच डॉलर येतात. त्याच्यापुढे लिहिलंय, 'बुधवारचे. इंगाला कळू देऊ नकोस.'"

इंगाचा चमचा हवेत थांबला. थोराचं तोंड उघडंच राहिलं.

"इंगा कोण?" मार्गोने विचारलं.

"मी," इंगा म्हणाली. "मला आत्ता कळलं."

"अहो, तसं काही नाही!" रसेल घाईघाईने म्हणाला. "ती त्र्याऐंशी वर्षांची आहे!"

हे बोलल्याने मदत होईल असं त्याला का वाटलं, हे त्याला पुढे कधीही सांगता आलं नाही. मार्गोचा आवाज दोन पायऱ्या खाली उतरला.

"मिस्टर पेंगेली, एका एकट्या वृद्ध बाईकडून तुम्ही दर आठवड्याला गुपचूप पैसे घेता?"

"ए बाई!" ग्लेनिसने लिंबं टेबलावर आदळली. "वृद्ध कुणाला म्हणतेस? मी ग्लेनिस. इथेच उभी आहे. पैसे माझे आणि मर्जी माझी. सहा वर्षं हा पोरगा माझे कचऱ्याचे डबे नेतो. वादळात नेलेत, बायकोला कळा सुटल्या त्या रात्री दवाखान्यात जाताना गाडी थांबवून नेलेत. एक सेंट घेत नाही. दिला तर परत आणून देतो. मग माझ्या नातीने मला फोनवरून पैसे टाकायला शिकवलं. आता आण म्हणावं परत!"

"आणि 'इंगाला कळू देऊ नकोस'?"

"पेस्टीसाठी देते मी ते," ग्लेनिस म्हणाली. "बघवेना मला. या मुलीने त्याला महिनाभर खेकड्यांवर ठेवलाय. वाळून चाललाय पोरगा."

"पेस्टी?" इंगा म्हणाली.

हा एक शब्द तिने फार हळू उच्चारला. रसेलला वाटलं, त्यापेक्षा किडनी परवडली.

"मिस्टर पेंगेली," मार्गो म्हणाली, "तुमच्या अर्जात 'बाहेरचं खाणं' यापुढे शून्य आहे. मोठं शून्य."

आता माणसाच्या आयुष्यात एक वेळ येते. समोर बायको, तिच्यापुढे लेक, शेजारी साक्षीदार, हातात जिवंत खेकडा, आणि कॉल रेकॉर्ड होतोय. रसेलला वाटलं, हे सगळं आपण केलं ते एका कानासाठी, आणि आता तो कान एका पेस्टीपायी जाणार. खोटं बोलायला फार जागा नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्याला ते नीट जमतही नसे.

"दर गुरुवारी," तो म्हणाला. "एक. बेकरीमागच्या गल्लीत उभं राहून. टोमॅटो सॉस घालून."

"सॉसचे वेगळे पैसे?"

"चाळीस सेंट."

टाइप केल्याचा आवाज आला. "कार्ड कशासाठी हवंय?"

बँकेच्या अर्जात त्याने 'घरगुती खर्च व प्रवास' असं लिहिलं होतं. पण एकदा सॉसपर्यंत आल्यावर मागे काय ठेवायचं? त्याने कानाचं सांगितलं. जर्दाळूचं सांगितलं. ॲबरडीनला हरवलेल्या टोपीचंही. ऐकता ऐकता इंगाने चमचा खाली ठेवला आणि त्याच्या हातातला खेकडा काढून घेतला, जपून, मागच्या बाजूने.

"निर्णय कळवू," मार्गो म्हणाली आणि फोन ठेवला.

"किती शक्यता वाटते?" ग्लेनिसने विचारलं.

रसेलने डोळे मिटून अंदाज घेतला. "शून्य," तो म्हणाला. "मोठं शून्य."

ग्लेनिसने इंगाकडे बघितलं आणि एक डोळा मिटला. रसेलच्या अंदाजाबाबत गावात एक गोष्ट सर्वांना माहीत होती: तो म्हणेल त्याच्या उलट लावायचं.

दोन दिवसांनी मार्गोचा फोन आला. मंजूर.

"एकोणीस वर्षं हे काम करतेय," ती म्हणाली. "खंडणी घेणारे खंडणी लिहीत नाहीत, मिस्टर पेंगेली. ते 'फर्निचर' लिहितात. आणि जो माणूस पेस्टी कबूल करताना सॉसही सांगतो, तो बिल बुडवत नाही. अर्जातलं शून्य मात्र मी दुरुस्त केलंय."

पुढचे तीन महिने सगळं घर कार्डावर चाललं. पॉइंट मिळण्याइतका खर्च होईना, तेव्हा गाव मदतीला धावलं. हॅनोने आपले टायर रसेलच्या कार्डावर घेतले आणि पैसे खात्यात टाकले: 'किडनी परत'. ग्लेनिसने नवी कवळी घेतली: 'दात, न वापरलेले'. पॉइंट जमले, तिकिटं आली, दोन मोठी आणि एक मांडीवरचं.

तीस तासांच्या त्या प्रवासाबद्दल इंगा आणि रसेल आजही एकमेकांशी बोलत नाहीत. थोराला वाटेत, दोहाच्या विमानतळावर, आणखी एक दात आला, एवढंच सांगितलं तरी लेकुरवाळ्या वाचकांना पुढचं कळेल.

ऑर्कनीचा विमानतळ म्हणजे एक खोली आणि वारा. मॅग्नस दारातच उभे होते. जावई-लेक येणार म्हणून इस्त्रीचा शर्ट, दाढी गुळगुळीत, आणि डोक्यावर नवीकोरी लोकरीची टोपी, वाऱ्यासाठी खाली ओढून दोन्ही कानांवर घट्ट बसवलेली. त्यांनी हात पुढे केले.

थोराने त्या अनोळखी म्हाताऱ्याकडे बघितलं. खालचा ओठ बाहेर आला. रसेलला तो ओठ माहीत होता. त्या तबकडीवर आता पिवळं नव्हतंच. पुढच्याच क्षणाला ती अशी किंचाळली की सामानाचा पट्टा चालवणारा माणूस थांबला. तिने आईच्या मानेत तोंड खुपसलं आणि हातापायांनी त्या हातांना दूर ढकललं.

मॅग्नसनी हात मागे घेतले, पाठीमागे बांधले.

"असू दे, असू दे," ते म्हणाले. "तिची काय चूक. ती मला ओळखत नाही."

अर्धी पृथ्वी ओलांडून आणलेली लेक तिच्या खांद्यावर हुंदके देत होती आणि वडील जमिनीकडे बघत होते. रसेलने हे सगळं बघितलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा, वारा, गुडघा, मागचे निकाल, काहीही न तपासता, तो बोलून गेला.

"मॅग्नस, टोपी काढा."

"काय?"

"टोपी. आणि जरा तिकडे बघा. विमानाकडे."

मॅग्नसनी जावयाकडे बघितलं. फेरीबोटीवर वेडी माणसं चढली की ते असंच बघत असणार. पण टोपी काढली आणि मान उजवीकडे वळवली.

कान बाहेर आला. मोठा थोरला, लाल, वर पांढऱ्या केसांचा झुपका, पाळीला खाच.

थोराचं रडणं मधेच तुटलं. एक हुंदका बाहेर यायचा तो आतच राहिला. तिने मान पुढे काढली. बघितलं. मग तिचे हातपाय एकदम सुटले, दोन्ही हातांनी तिने तो कान गच्च धरला, पडदा नसल्याची खात्री करून घेतली आणि आनंदाने किंचाळत आपल्या नव्या दातांनी कडकडून चावली.

"आई गं!" मॅग्नस ओरडले.

"बाबा, सोडवते थांबा..." इंगा पुढे झाली.

"हात लावू नका!" ते म्हणाले. मान वाकडी, डोळ्यांतून पाणी, पण तसूभर हलले नाहीत. "कुणी हात लावू नका. चावू दे तिला."

घरी परतल्यावर रसेल पुन्हा खिडकीवर बसू लागला. अंदाजांच्या स्पर्धेत तो शेवटून दुसरा आला. शेवटचा आला हॅनो, कारण त्याने दर वेळी घरच्या मैदानावर खेळणाऱ्या संघावर भरवसा ठेवला. पुढच्या मार्चमध्ये नवीन स्पर्धा सुरू झाली. रसेलच्या हातचा हिशेब सगळ्यांना आवडला होता, म्हणून रीत मोडून त्यालाच पुन्हा खजिनदार केलं. या वर्षी एक स्पर्धक वाढला. त्याने ऑस्ट्रेलियातला फुटबॉलचा एकही सामना पाहिलेला नव्हता; पण अंदाज सांगायला जावई रोज फोन करेल एवढं त्याला समजलं होतं. त्याची फी समुद्रापलीकडून आली. पुढे लिहिलं होतं: 'डावा कान, दुरुस्ती'.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला.

"मिस्टर पेंगेली? मी मार्गो, बँकेतून. हा कॉल रेकॉर्ड होत नाहीये." मग तिने विचारलं, "कानाचं काय झालं?"

रसेलने थोराला मांडीवर घेतलं, खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं, सॉससकट.